पोच गेली, ऑर्डर कुठी?

बुटीबोरीच्या एका कारखान्यातल्या डिस्पॅचच्या माणसाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. "पोच गेली म्हणता तं मंग ऑर्डर गेली कुठी?" कॉम्प्युटर विभागाच्या पोराने त्याला स्क्रीनवर सगळं दाखवलं होतं. अमेरिकेतल्या खरेदीदाराची ऑर्डर पहाटे आली, सर्व्हरने ती उघडली, सही तपासली आणि सहीनिशी पोच पाठवली. सगळीकडे हिरवे ठिपके. फक्त गोदामातल्या पॅकिंगच्या यादीत ती ऑर्डर नव्हती. उशिराचा दंड करारात लिहिलेला, आणि 'आम्हाला मिळालंच नाही' म्हणायची सोय नाही, कारण मिळाल्याचा कागद त्यांच्याकडे, तोही आपल्याच सहीचा. पोरगा म्हणत होता आपल्या बाजूने काही चुकलेलं नाही. डिस्पॅचवाला म्हणत होता, मग चुकलं कोणाचं? दोघंही खरंच बोलत होते.

झालं होतं ते असं. खरेदीदाराच्या ऑर्डरी एएसटूने येतात; कंपन्यांनी एकमेकांना ऑर्डरी-बिलं इंटरनेटवरून सहीनिशी पाठवायची ती एक ठरलेली रीत. ते मेसेज घेणारा प्रोग्रॅम वेगळा, क्यू, म्हणजे मेसेजांची रांग, सांभाळणारा ब्रोकर वेगळा, आणि दोघांच्या मधे एक फोल्डर. पहिल्याने मेसेज उघडून फाइल फोल्डरमध्ये टाकायची आणि एमडीएन, म्हणजे सहीची पोच, पाठवून मोकळं व्हायचं. दर मिनिटाला एक स्क्रिप्ट त्या फोल्डरमध्ये डोकावून फाइल उचलणार आणि क्यूमध्ये सारणार. त्या पहाटे स्क्रिप्टने फाइल अर्धी लिहून झालेली असतानाच उचलली. अर्धी ऑर्डर कुठल्याच साच्यात बसेना, म्हणून ती चुकीच्या फायलींच्या फोल्डरमध्ये जाऊन पडली, आणि ते फोल्डर कोणीही उघडत नाही. यावरचा झटपट इलाज जुना आहे: आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं आणि पूर्ण झालं की त्याच फाइल सिस्टिमवर नाव बदलायचं. नाव बदलणं एका झटक्यात होतं, स्क्रिप्टला अर्धी फाइल दिसतच नाही. तो इलाज कारखान्यात लगेच केलाही गेला. पण उद्या डिस्क भरली, स्क्रिप्ट मेली, ब्रोकर बंद पडला, तरी पोच जातच राहणार. ती निघते त्या जागेपासून क्यू अजून दूर आहे.

अमरावती रोडला वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामावर तासभर उभं राहिलं तरी ही गोष्ट कळते. ट्रक लागतो, ड्रायव्हर बिल्टी पुढे करतो, आणि मुनीम ती पॅडखाली सारून आधी नग मोजायला लागतो. मोजून, खोकी हलवून, फुटकी बाजूला काढून, मग बिल्टीच्या पाठीवर 'दोन नग फुटके' असं लिहून शिक्का मारतो. ड्रायव्हर घाई करतो, पुढे हिंगण्याला खाली करायचं आहे म्हणतो. मुनीम हूं म्हणतो आणि मोजत राहतो. गेटवरचा वॉचमनही सही देऊ शकला असता, ट्रक आत आला हे त्यानेही पाहिलेलं असतं. त्याच्याकडे कोणी मागत नाही.

कारखान्यातली ती पोच वॉचमनने दिलेली होती.

एएसटू जुनं आहे. त्याचे नियम लिहिलेली आरएफसी ४१३० जुलै २००५ची, आणि त्याच्याही आधी, २००२ मध्ये, वॉलमार्टने आपल्या पुरवठादारांना या वाटेने यायला सांगितलं होतं. नवी पोरं ते बघून हसतात: ईमेलचे मल्टिपार्ट तुकडे एचटीटीपीवरून, म्हणजे वेबच्या वाटेने, कशाला पाठवायचे? आपल्याकडे ऑक्टोबर २०२० पासून जीएसटीचं ई-इन्व्हॉइस जेसन आणि एपीआयवर सुरू झालं, त्यामुळे त्यांना तीच रीत ओळखीची. पण ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलकडून जो सही केलेला क्यूआर परत येतो, ती सरकारी नोंदणीची मोहोर आहे, खरेदीदाराची पोच नव्हे. एएसटूमध्ये घेणारा स्वतः सही करून सांगतो की मला हेच मिळालं, आणि मिळालेल्या मजकुराचा हॅश, म्हणजे त्याच्या बाइट्सवरून काढलेला ठसा, सोबत जोडतो. साध्या एपीआयच्या 'ठीक' सांगणाऱ्या २०० आकड्यात हे नसतं. परदेशी खरेदीदार अजून एएसटू सोडत नाहीत त्याला हेही एक कारण आहे, नुसता आळस नाही.

फुकट साधनं आहेत. ओपनएएसटू आहे, मेंडेलसनची कम्युनिटी आवृत्ती आहे. दोन्ही चांगली, पण त्यांचा मूळ पिंड फोल्डरचा. क्यूवर चालणाऱ्या घरात एएसटू आणायचं तर अपाची कॅमल या यंत्रणा जोडणाऱ्या साधनात २०१८च्या २.२२ आवृत्तीपासून त्याचा कंपोनंट आहे, आणि ब्रोकर म्हणून ॲक्टिव्हएमक्यू आर्टेमिस बसतो. सही करणं, एनक्रिप्ट करणं, उघडणं हे सगळं बाऊन्सी कॅसल ही लायब्ररी करून देते. लोक या भागाला उगाच घाबरतात. तिथे लायब्ररी आहे, उदाहरणं आहेत, चुकलं तर लगेच एरर येते. पोच कधी द्यायची हे सांगणारी लायब्ररी मात्र नाही, आणि तिथे चुकलं तर एररही येत नाही.

तरी पहिल्या जोडणीत जीव खातो तो एमआयसी, म्हणजे पोचेतला हॅश. मजकूर हवा तर आधी कॉम्प्रेस करायचा, मग सही, मग एनक्रिप्ट, मग पोस्ट, असा नेहमीचा क्रम. पलीकडचा उघडतो, सही झालेल्या भागाचा हॅश काढतो आणि पोचेत 'रिसीव्ह्ड-कन्टेन्ट-एमआयसी' या ओळीत टाकतो. आपण पाठवताना काढून ठेवलेल्या हॅशशी तो अक्षरशः जुळला पाहिजे. आता हॅश नेमका कशाचा? सही असेल तर नुसत्या ऑर्डरचा नाही, तिच्या डोक्यावरच्या माइम हेडरांसकट: 'कन्टेन्ट-टाइप: ॲप्लिकेशन/ईडीआय-एक्स१२' ही ओळ, त्याखालची रिकामी ओळ आणि मग मजकूर. सही नाही पण एनक्रिप्शन आहे, तरी हेडरांसकटच. दोन्ही नाही, तर फक्त मजकूर, हेडर वगळून. आणि प्रत्येक हेडरची ओळ सीआर आणि एलएफ अशा दोन बाइट्सनी संपली पाहिजे. लिनक्सवरच्या प्रोग्रॅमने नुसतं एलएफ लिहिलं की स्क्रीनवर दोन्ही मजकूर सारखेच दिसतात आणि हॅश वेगळे येतात. सगळ्यात छळणारी जागा शेवटची: बाउंडरीच्या, म्हणजे भाग वेगळे करणाऱ्या, ओळीच्या लगेच आधीचं सीआर-एलएफ हे बाउंडरीच्या मालकीचं आहे, मजकुराच्या नाही. ते हॅशमध्ये धरलं की दोन बाइट जास्त, आणि मजकुराचं स्वतःचं शेवटचं सीआर-एलएफ ट्रिम केलं की दोन कमी. अशा वेळी लॉग वाचत बसू नये. दोन्ही बाजूंनी हॅशला दिलेले बाइट्स फाइलमध्ये उतरवून हेक्समध्ये शेजारी ठेवावेत. ०डी ०ए, म्हणजे सीआर-एलएफ, कुठे जास्त आहे ते पाच मिनिटांत दिसतं.

त्याच गावातल्या आणखी दोन भानगडी. एस/माइम या सही-एनक्रिप्शनच्या रीतीच्या जुन्या आरएफसीत हॅशच्या अल्गोरिदमचं नाव 'एसएचए२५६' असं जोडून लिहिलं आहे, २०१०च्या ५७५१ मध्ये 'एसएचए-२५६' असं डॅश घालून. पाठवताना पलीकडच्याला जे चालतं ते लिहावं, वाचताना दोन्ही चालवून घ्यावं. अक्षरांची सरळ तुलना केली तर बरोबर हॅशही चुकीचा ठरतो. दुसरी भानगड जावाच्या मेल लायब्ररीची. ती ईमेलच्या सवयीने लांब 'कन्टेन्ट-टाइप' हेडर दोन ओळींत मोडते. ईमेलमध्ये ते रीतसर आहे. एचटीटीपीमध्ये पुढचा सर्व्हर अर्ध्यातच हेडर संपला असं समजतो किंवा 'विनंतीच चुकीची' म्हणून ४०० देतो. पोस्ट करण्याआधी मोडलेली ओळ सरळ करून घ्यायची. शिवाय 'एएसटू-फ्रॉम' आणि 'एएसटू-टू' मधली नावं लहान-मोठ्या अक्षरांसकट तंतोतंत लागतात. फॉर्मवरून कॉपी करताना शेवटी चिकटून आलेली एक स्पेस अख्खी दुपार खाऊ शकते.

सुरक्षेच्या बाबतीत एकच चूक सांगतो, कारण ती चालू कोडमध्ये सापडते आणि चाचणीत पकडली जात नाही. मेसेजसोबत सहीचं सर्टिफिकेट, म्हणजे सही तपासायची किल्ली, जोडून येतं. लायब्ररीच्या उदाहरणात तेच काढून त्यानेच सही तपासलेली असते. असं केलं तर कोणीही स्वतः बनवलेल्या सर्टिफिकेटने सही करून खरेदीदाराच्या नावाने ऑर्डर पाठवू शकतो, आणि आपण 'सही बरोबर' म्हणणार. तपासायचं ते त्या भागीदाराच्या नावावर आपण आधी नोंदवून ठेवलेल्या सर्टिफिकेटनेच. पोचेवरच्या सहीलाही हाच नियम. आणि फक्त एनक्रिप्ट केलेला, सही नसलेला मेसेज घेऊच नये. 'इन्सफिशंट-मेसेज-सिक्युरिटी' म्हणून परत करावा. एनक्रिप्शनने मजकूर झाकला जातो, कोणी मधे ढवळला नाही याची हमी मिळत नाही, हे २०१८च्या ईफेल प्रकरणात, झाकलेले ईमेल ढवळून मजकूर बाहेर काढता येतो हे उघड झालं तेव्हा, ईमेलवाल्यांनी पाहिलं आहे.

आता पोचेची वेळ. मेसेज आला, उघडला, सही जुळली. यानंतर तो ब्रोकरच्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, डिस्कवर उतरेपर्यंत पोच जाता कामा नये. आर्टेमिसमध्ये टिकाऊ मेसेज पाठवताना क्लायंट मुळातच थांबून राहतो, ब्रोकरने जर्नल डिस्कवर सिंक केल्यावरच पाठवण्याचा कॉल परततो. म्हणजे नियम साधा: तो कॉल परतल्यावर पोच. वेग वाढावा म्हणून कोणीतरी 'ब्लॉक-ऑन-ड्युरेबल-सेंड' बंद केलेलं असतं, नाहीतर मेसेज टिकाऊ नाही असं ठरवलेलं असतं. मग कॉल परततो पण त्याला अर्थ उरत नाही. ही दोन सेटिंग आधी बघावीत. कॅमलच्या रूटमध्ये पोच आपल्या पायऱ्यांच्या आधी निघते की नंतर, हेही आपल्या आवृत्तीचा सोर्स उघडूनच बघावं. कागदपत्रांवर विसंबू नये.

आणि जर्नलमध्ये उतरलंच नाही तर? ब्रोकर बंद आहे, डिस्क भरली आहे. इथे नकाराची पोच पाठवायचा मोह होतो, तो टाळावा. नकाराची पोच म्हणजे 'तुझा मेसेज वाईट आहे': डिक्रिप्ट झाला नाही, सही जुळली नाही. पलीकडची यंत्रणा बहुतेक वेळा ती अंतिम मानते आणि पुन्हा पाठवत नाही. दोष आपला असेल तर पोचच द्यायची नाही, 'आत्ता सेवा बंद' म्हणणारा एचटीटीपीचा ५०३ द्यायचा. पाठवणारा थोड्या वेळाने परत येतो.

परत येतो म्हणजे दुबारही येतो. मेसेज जर्नलमध्ये उतरला, आणि पोच निघायच्या आधी वीज गेली. पलीकडच्याला काहीच मिळालं नाही, तो त्याच मेसेज-आयडीने पुन्हा पाठवणार, आणि त्याने तसंच करायला हवं. आर्टेमिसला '_एएमक्यू_डीयूपीएल_आयडी' या प्रॉपर्टीत मेसेज-आयडी दिला तर दुसरी प्रत तो स्वतःच गाळतो. पण त्याची ही आठवण मुळात २०,००० आयडींची, त्यापुढे जुने पुसले जातात, आणि अनेक भागीदार एकाच पत्त्यावर असले तर ते लवकर भरतात. म्हणून डेटाबेसात एक टेबल ठेवावं: भागीदार, मेसेज-आयडी, दिलेली पोच. दुबार आला की तीच जुनी पोच जशीच्या तशी परत द्यायची. तेवढ्यावरही भागत नाही. खरेदीदाराकडचा माणूस कधी तीच ऑर्डर हाताने पुन्हा सोडतो. तेव्हा मेसेज-आयडी नवा असतो पण एक्स१२च्या, म्हणजे ऑर्डरीच्या ठरलेल्या साच्याच्या, आयएसए ओळीतला नऊ आकडी कंट्रोल नंबर जुनाच. तो गाळायचा की नाही हे एएसटूच्या थराने ठरवू नये, ईआरपीच्या, म्हणजे कारखान्याच्या ऑर्डर-हिशोबाच्या प्रोग्रॅमच्या, दारात ठरवावं, माणसाला विचारून.

पोच त्याच एचटीटीपी जोडणीवर द्यायची की नंतर वेगळी पाठवायची, यावर लोक भांडतात. बहुतेक जण त्याच जोडणीवरची घेतात, कारण सोपी. माझं मत उलट आहे, निदान क्यू हाताशी असताना. वेगळी पोच असेल तर ऑर्डर एका क्यूवर आणि पोच दुसऱ्या क्यूवर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाकता येते. दोन्ही उतरतील किंवा एकही नाही. पोच पाठवणारा भाग मग सावकाश, पलीकडचा सर्व्हर जागेवर नसला तर पुन्हा पुन्हा, पाठवत राहतो. ब्रोकर घरात असल्याचा खरा फायदा इथे आहे, आणि लोक तो सोडून देतात. अर्थात खरेदीदाराने त्याच जोडणीवर पोच मागितली तर तीच द्यावी लागते. मागण्याचा हक्क त्याचा. मग आपल्या सर्व्हरच्या पुढे उभा असलेला एनजिनएक्स वेब सर्व्हर बघून ठेवावा. मुळात तो एक एमबीच्या वरचा मजकूर ४१३, म्हणजे 'फार मोठा', म्हणून परत लावतो आणि मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काही आलं नाही की जोडणी तोडतो. छोट्या चाचणी फायलींवर दोन्ही गोष्टी कधीच दिसत नाहीत. मोठा कॅटलॉग आला की दिसतात. मोठ्या फायलींसाठी आर्टेमिस १०० केआयबीवरचे मेसेज वेगळ्या डिरेक्टरीत लिहितो, तिची जागा जर्नलच्या जागेत धरलेली आहे का तेही बघावं.

डिस्कचंही ऐकून घेऊ नये. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला, सगळीकडचे कूलर-एसी एकदम सुरू झाले की लाइट जातेच, आणि इन्व्हर्टरची बॅटरी ऐन वेळी बसलेली निघते. ब्रोकर डिस्कला सिंक म्हणतो, काही साध्या एसएसडी 'झालं' म्हणतात आणि डेटा अजून त्यांच्या कॅशमध्येच असतो. वीज जाताना कॅश रिकामी करण्यापुरता चार्ज ज्यात साठतो अशी सर्व्हरची एसएसडी जर्नलला लावावी. बाकी कुठे पैसे वाचवले तरी चालतील. ही साखळी तपासायचा मार्ग एकच: चाचणीच्या सर्व्हरवर मेसेजांची धार सुरू ठेवायची आणि मधेच प्लग उपटायचा. प्रोसेस मारून हे कळत नाही, कारण प्रोसेस मेली तरी डिस्कची कॅश जिवंत असते. उठल्यावर गेलेल्या पोचा आणि क्यूमधल्या ऑर्डरी मेसेज-आयडीने ताडून बघायच्या. ऑर्डर आहे पण पोच नाही, ठीक. पोच आहे पण ऑर्डर नाही असा एकही सापडला तर यंत्रणा सुरू करू नये.

आपण पाठवणारे असतो तेव्हा हेच उलट्या बाजूने. इनव्हॉइस क्यूमधून उचललं, पोस्ट केलं, २०० आलं, म्हणून क्यूला 'झालं' सांगायचं नाही. पोच येईपर्यंत ते 'गेलं, पोच बाकी' अशा नोंदीत राहिलं पाहिजे, आणि ठरलेल्या वेळेत पोच आली नाही तर त्याच मेसेज-आयडीने पुन्हा गेलं पाहिजे. गोची अशी की मेसेज-आयडी पाठवण्याच्या पायरीत तयार होत असेल तर प्रत्येक फेरीत नवा बनतो, आणि पलीकडच्याला ती प्रत्येक वेळी नवी इनव्हॉइस वाटते. आयडी क्यूमध्ये शिरतानाच चिकटवावा. पोच आली की चार गोष्टी बघायच्या: मूळ मेसेज-आयडी, सही, 'प्रोसेस्ड'च्या पुढे एरर नाही ना, आणि एमआयसी. मूळ मेसेज आणि पोच दोन्ही हेडरांसकट, बाइट न बदलता साठवायच्या. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, तेवढं तरी यांनाही ठेवावं.

हे सगळं नीट बसलं तरी डिस्पॅचवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर एमडीएन देत नाही. मेसेज अखंड मिळाला आणि नीट उघडला, एवढंच ती म्हणते. एक्स१२चं व्याकरण बरोबर आहे हे एक्स१२चाच ९९७ नंबरचा कागद सांगतो. ऑर्डर मान्य आहे हे ८५५ नंबरचा सांगतो, आणि तो ईआरपीतून निघतो. कॉम्प्युटर विभागाच्या स्क्रीनवर पहिल्या पायरीलाच हिरवा ठिपका लागत होता. तो ईआरपीत ऑर्डरचा नंबर पडल्यावर लावावा, तोवर पिवळा. आणि अर्ध्या तासाहून जास्त पिवळा राहिला तर डिस्पॅचच्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज जावा, कॉम्प्युटर विभागाच्या ईमेलवर नव्हे. चुकीच्या फायलींच्या फोल्डरच्या जागी आता डेड लेटर क्यू, म्हणजे अडकलेल्या मेसेजांची रांग, असेल, तिलाही हाच नियम. तिच्यात एकही मेसेज पडला तर सकाळची वाट बघू नये.

राहिली सर्टिफिकेटं. सही-एनक्रिप्शनची सर्टिफिकेटं बहुधा स्वतःच सही केलेली, दोन-तीन वर्षांची, ईमेलने एकमेकांना पाठवलेली. मुदत यूटीसीत असते, त्यामुळे रात्री बाराला संपणारं सर्टिफिकेट इथे पहाटे साडेपाचला संपतं. प्रत्येक भागीदाराच्या खात्यावर जुनं आणि नवं दोन्ही नोंदवता आलं पाहिजे: आलेली सही दोघांपैकी कशानेही तपासावी, आलेला मेसेज दोघांपैकी कुठल्याही किल्लीने उघडावा, पाठवताना मात्र ठरलेल्या तारखेपासून नवं वापरावं. वेबची जोडणी झाकणाऱ्या टीएलएस सर्टिफिकेटचं गणित याहून वेगळं आहे आणि ते आता बदलतंय. ३९८ दिवसांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १०० आणि २०२९च्या मार्चपासून ४७ अशी उतरवायचं ठरलं आहे. जे भागीदार आपलं टीएलएस सर्टिफिकेट हाताने त्यांच्या यंत्रणेत भरून ठेवतात, त्यांच्याशी आत्ताच बोलून ते फक्त सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवतील अशी सोय करून घ्यावी. दर दीड महिन्याला पाच खरेदीदारांना नवं सर्टिफिकेट पाठवायला आणि त्यांच्या हेल्पडेस्कच्या तिकिटामागे लागायला कोणत्याही कारखान्यात माणूस नसतो.